मेळाव्यासाठी 25 किलो कोंबडी धुरावर

डिचोलीच्या कुळागरात झालेल्या स्नेहमेळाव्यातली धुरावरची कोंबडी कशी केली, हे बऱ्याच घरांतून विचारले गेले. काहींना ती आपल्या घरच्या बारशाला, वाढदिवसाला करायची आहे. कृती सांगतो, पण त्याआधी आदल्या वर्षीची फजितीही सांगायला हवी.

आदल्या वर्षी आम्ही सगळे तुकडे एकदम पिंपात भरले. बाहेरून तांबूस, घमघमाट असा की मुले पिंपाभोवती फिरत होती. पंगत साडेतीनला बसली आणि हाडाजवळ मांस लालच निघाले. ते तुकडे परत निखाऱ्यावर टाकले. उरलेले टोपलीत झाकून ठेवले आणि संध्याकाळी वाटून घरी नेले, कारण आमच्यापैकीच एकाने ठामपणे सांगितले, "धुरावरचे आहे, दोन दिवस काही होत नाही." आमच्याच घरातली चार माणसे दुसऱ्या दिवशी आडवी झाली. तो सांगणारा मीच होतो.

माझा समज कुठून आला ते सांगतो. धुराने मांस टिकते हे आपण चोरीसवरून ऐकलेले असते. बार्देश, साष्टीकडे पावसाळ्यापूर्वी डुकराच्या मांसाला भरपूर मीठ, व्हिनेगर आणि मिरची लावून, आतड्यात भरून, उन्हात वाळवून मग धुरी देतात. तिथे टिकवण्याचे मुख्य काम मीठ, आंबट आणि वाळवणे करते. धूर त्यांना हातभार लावतो. आपल्याकडे ही रीत रुजली नाही. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, जुन्या काबिजादींच्या सुमारे अडीचशे वर्षे मागाहून, आणि आपल्या हिंदू घरांत डुक्कर शिजत नव्हते. आपल्या चुलीच्या धुराने सोलां आणि मासळी सुकली, कोंबडीची मात्र ताजी शागोती झाली. मेळाव्याची कोंबडी ओलसर, रसदार हवी असते. म्हणजे ती टिकाऊ नसते. कोळशावर तूप टाकून शागोतीला धुंगार देतात, त्यालाही हेच लागू. वास लागतो, आयुष्य वाढत नाही.

आता कृती. 25 किलोत तंगडी-मांडीचे सुमारे 90 अख्खे तुकडे येतात, माणशी एक. सोबत वडे आणि रस्सा असला की पुरतात. आदल्या रात्री 20 लिटर पाण्यात 1 किलो मीठ विरघळवून, बर्फ घालून त्यात तुकडे बुडवून ठेवावेत. मीठ आतपर्यंत जाते आणि तासन्‌तास उष्णतेत राहूनही मांस कोरडे पडत नाही. रात्रभर बर्फ विरघळू देऊ नये, कोणीतरी उठून बघावे लागते. पहाटे तुकडे निथळून, पुसून तासभर थंड जागीच उघडे ठेवावेत. ओल्या कातडीवर धूर नीट बसत नाही, काळपट चिकट थर बसतो. मग हरमलची मिरची, मिरी, धणे आणि हळद लावावी. ओले खोबरे लावू नये, ते करपते.

पिंप 200 लिटरचे, खाण्याचे तेल आलेले घ्यावे. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी नको. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली नसावी, तापल्यावर तिची वाफ विषारी असते. आग सोडणाने पेटवून त्यावर करवंटी, म्हणजे आपली कट्टी, टाकावी. तिचा निखारा कडक आणि बराच वेळ राहतो. धुरासाठी आंब्याच्या चांगल्या वाळलेल्या फांद्या. काजूच्या बियांची टरफले आपल्या भागात ढिगाने पडलेली असतात, पण ती चुकूनही घालू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना, कातडीला झोंबतो. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूडही नको.

सुरुवातीला पांढरा दाट धूर येतो, तेव्हा मांस ठेवले तर कडू होते. तो ओसरून पातळ, निळसर धूर येऊ लागला की ठेवावे. घाई करणारा भाचा प्रत्येक घरात असतो, त्याला पाणी आणायला पाठवावे.

आमची खरी चूक होती ती भरण्याची. 90 थंड तुकडे एकदम गेले की आतली उष्णता पडते आणि तास दीड तास मांस नुसते कोमट राहते. जंतूंना तेवढेच हवे असते. दोन जाळ्यांवर, मध्ये बोटभर जागा सोडून, एका पिंपात 30 तुकडे बसतात. या वर्षी दोन पिंपे लावली. सात वाजता 60, दहाला उरलेले 30. पिंपात 110 ते 120 अंश सेल्सिअस ठेवले तर अडीच तास लागतात. पण घड्याळावर किंवा रंगावर विसंबू नये, धुराने मांस शिजलेले असूनही गुलाबी दिसू शकते. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा, तो हाडाला न टेकवता मांडीच्या जाड भागात 74 अंश दाखवायला हवा. प्रत्येक जाळीवरचे चार-पाच तुकडे तपासावेत, कडेचे आणि मधले दोन्ही.

साडेनऊला उतरलेले तुकडे दीडच्या पंगतीपर्यंत गरम कसे ठेवायचे? मासळीवाले बर्फासाठी वापरतात तसला थर्माकोलचा पेटारा नवा आणला, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तुकडे फॉइलमध्ये आणि जाड टॉवेलात गुंडाळून भरले. अधूनमधून थर्मामीटर लावत होतो. 60 अंशांच्या खाली येऊ लागले की परत निखाऱ्यावर.

रस्सा स्वतंत्र केला, भाजक्या खोबऱ्याचा शागोतीचा. कोंबडी नसली तरी खोबऱ्यामुळे तो दुपारच्या उकाड्यात लवकर आंबतो, म्हणून मंद आचेवरच ठेवला. जुन्या जाणत्या काकूंनी आधी नाक मुरडले. मग वडा रस्स्यात बुडवून, त्यावर धुराची कोंबडी घेऊन दोनदा वाढून घेतली.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवे, आणि उन्हाचा पारा 32 अंशांवर असेल तर तासाभरात. उथळ डब्यांत पसरून ठेवावे, खोल टोपात मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो. या वर्षी सातच तुकडे उरले. ते तिथेच बर्फाच्या डब्यात घातले आणि ज्यांचे घर सर्वांत जवळ, त्यांच्याकडे दिले. पिंपे आणि थर्मामीटर मंडळाच्या खोलीत ठेवले आहेत. कोणाला कार्यासाठी हवे असल्यास आठवडाभर आधी कळवावे आणि पिंप आतून घासून परत करावे.