वृषणाचा कॅन्सर, उपचार आणि बापपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालवण-तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी पाण्याखाली नेणारी मुलं विशी-तिशीतली असतात. वृषणाचा कॅन्सरही मुख्यतः 15 ते 40 या वयातच गाठतो. तो विरळा आहे आणि वेळेत सापडला तर 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. म्हणजे उपचारांनंतर अख्खा संसार पुढे उभा असतो, आणि त्याचा विचार उपचार सुरू होण्याआधीच व्हायला हवा. पण ‘कोणाक सांगू नको’ म्हणत दुखणं झाकलं जातं आणि ऐकीव गोष्टींवर निर्णय होतात.

गैरसमज : गाठ दुखत नाही, म्हणजे अंडवृद्धी असेल, नाहीतर होडी ओढताना मार लागला असेल.

वस्तुस्थिती : न दुखणारी कडक गाठ हेच या कॅन्सरचं नेहमीचं लक्षण. मार लागल्याने तो होत नाही. मार लागल्यावर माणूस चाचपून बघतो आणि आधीचीच गाठ हाताला लागते, एवढंच. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांतून निदानाची दिशा लवकर कळते.

गैरसमज : एक वृषण काढलं की पुरुषत्व गेलं.

वस्तुस्थिती : दुसरं वृषण निरोगी असेल तर तेवढं पुरतं. टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू दोन्ही तयार होतात. इच्छा, ताठरता, दाढीमिशी कायम राहते. काहींना पुढे सतत थकवा येतो, इच्छा कमी होते. अशा वेळी हार्मोनची पातळी तपासावी. मात्र मूल हवं असेल तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊ नये. त्याने शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.

गैरसमज : केमो झाली, आता मूल होणं नाही.

वस्तुस्थिती : या आजारात ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन ही औषधं सहसा एकत्र देतात. त्यांनी शुक्रजंतू घटतात, काही काळ शून्यावरही येतात. पुष्कळांमध्ये एक-दोन वर्षांत ते परततात, पण जेवढे डोस जास्त तेवढी खात्री कमी. शिवाय जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये उपचारांआधीच संख्या कमी असते. म्हणून केमोच्या पहिल्या डोसआधी वीर्य साठवून ठेवणं सर्वांत शहाणपणाचं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या वीर्यपेढ्यांत ते उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. एक-दोन नमुनेही पुरू शकतात, कारण इक्सी या कृत्रिम गर्भधारणेच्या पद्धतीत एका स्त्रीबीजासाठी एकच शुक्रजंतू लागतो.

हाच कॅन्सर झालेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने 1996 मध्ये केमोआधी वीर्य साठवलं होतं. त्यातून त्याला तीन मुलं झाली आणि पुढे आणखी दोन नैसर्गिकरीत्या. आपल्या क्रिकेटपटू युवराज सिंगला याच जातकुळीतली गाठ छातीत झाली होती. 2012 मध्ये अमेरिकेत केमो घेऊन तो त्याच वर्षी मैदानात परतला आणि 2022 मध्ये बाप झाला.

केमोशिवाय पोटातल्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागल्या तर वीर्य बाहेर टाकणाऱ्या नसांना इजा होऊ शकते. त्या नसा वाचवता येतील का, हे सर्जनला आधीच विचारावं.

गैरसमज : मूल झालं तरी ते व्यंग घेऊन येईल.

वस्तुस्थिती : केमोमुळे पुढच्या मुलांत व्यंगांचं प्रमाण वाढतं, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी केमो चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर गर्भधारणा टाळायला सांगतात. भावाला किंवा मुलाला हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा काही पटींनी अधिक असतो. तरी बहुतेकांना तो होत नाही.

गैरसमज : शेवटची सलाइन सुटली की सगळं मागे पडलं.

वस्तुस्थिती : सिसप्लॅटिनमुळे काहींच्या कानात आवाज घुमत राहतो, बोटं बधिर होतात. जाळं विणणाऱ्याला गाठ नीट जाणवत नाही, सुरमईचा काटा रुतला तरी कळत नाही. बर्फातली मासळी उचलताना काहींची बोटं पांढरी पडतात. त्यांनी हातमोजे वापरावेत.

ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं आणि जास्त दाबाचा ऑक्सिजन ती वाढवू शकतो. पाण्यात दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. म्हणून हे औषध घेतलेल्याने फुप्फुसांची तपासणी आणि डॉक्टरांची परवानगी असल्याशिवाय स्कूबाला उतरू नये. पुढे कधीही ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही या औषधाबद्दल सांगावं. आर्मस्ट्राँगने फुप्फुसं जपण्यासाठी पहिल्या फेरीनंतर ब्लिओमायसिन नसलेले उपचार निवडले होते. आपलं पोट दमावर चालतं, हे डायव्हरने डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलं तर त्याच्याही बाबतीत पर्याय पाहता येतात. फुप्फुसं आणि हृदय जपण्यासाठी बिडी-सिगारेट सुटायलाच हवी, आणि वर्षं उलटली तरी रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासत राहावं.

बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज असो की परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल, पहिल्या डोसआधी तीन प्रश्न विचारा : वीर्य कुठे साठवता येईल? माझ्या कामाचा विचार करून औषधं ठरवली आहेत का? पुढची तपासणी कधी आणि किती वर्षं? रुग्णाला बोलायला जड जात असेल तर सोबतच्या भावाने किंवा बायकोने विचारावं. डॉक्टरांना हे प्रश्न नवीन नसतात, आणि डोस सुरू झाल्यावर पहिल्या प्रश्नाची वेळ टळलेली असते.