शेवटचं पान

रहस्यकथेचा सांगाडा तसा साधा असतो. एक चमत्कारिक वस्तू असते, एक खून होतो आणि खुनी वेष पालटून आपल्यातच वावरत असतो. बाबूराव अर्नाळकरांनी अशा हजाराहून अधिक कथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. नारायण धारपांनी मराठी वाचकाला भयकथेची गोडी लावली. पैसे मोजून, वेळ काढून आपण ही भीती विकत घेतो, ती कशासाठी? तर शेवटच्या पानासाठी. तिथे मुखवटा उतरतो, वस्तूतली करामत कळते आणि वाचक दिवा मालवून निवांत झोपतो.

वैशाखात आमच्या अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. यात्रा असो की उरूस, खेळण्यांच्या दुकानांत भुतांचे मुखवटे, रबरी साप आणि जादूची डबी दिसायचीच. डबीत नाणं ठेवलं, झाकण लावलं, पुन्हा उघडलं की नाणं गायब! डबीला दोन तळ असतात, एवढंच. पोराला ते कळलं, की ते हसतं आणि दुसऱ्याला चकवायला पळतं.

भोंदूबुवाही अशीच डबी बाळगतो, पण तळ दाखवत नाही. नारळावर तो ‘तूप’ सोडतो आणि नारळ पेट घेतो. शेंडीत पोटॅशियम परमँगनेट दडवलेलं असतं आणि ते तूप म्हणजे ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आले की थोड्याच वेळात आग लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हाच प्रयोग शाळाशाळांत करतात आणि कारणही सांगतात. सामान तेच, पण एक जण शेवटचं पान लपवतो, दुसरा वाचून दाखवतो.

वेषाचंही तसंच. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो, दरडावतो, पोरं आईच्या मागे लपतात. मग तोच हसतो आणि बिदागी मागतो.

अफवेत मात्र हे शेवटचं पान नसतं. मुलं पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत 2018 च्या सुमारास देशभर मोबाईलवर फिरली. मोटारसायकलवरून आलेले दोघे एक मूल उचलून नेतात, एवढंच तिच्यात दिसे. मुळात ती कराचीतली, पालकांना सावध करणारी जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता.

त्याच काळात आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी रविवारच्या आठवडे बाजारात पाच माणसं आली. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण गेले.

रहस्यकथेचा साधा वाचकही एक गोष्ट जाणतो. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय जातो, तो बहुधा खुनी नसतो. अनोळखी बोली, वेगळे कपडे, खांद्यावरची झोळी, ही लेखकाने मुद्दाम पेरलेली हुलकावणी असते. घरात बसून हे ओळखणारे आपण बाजारात मात्र विसरतो. राईनपाड्याला त्या पाचांनी वेष पालटलेला नव्हता. ती झोळी त्यांच्या पोटापाण्याची होती. मारणाऱ्यांनाही मुखवट्याची गरज पडली नाही. ती रोजच्या बाजारातली माणसं होती.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने एकच संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा भारतात घातली. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले. हे हवंच होतं. पण बाजारात गर्दी जमते, तेव्हा न्यायालय तिथे नसतं, आपण असतो. दारी फिरस्ता आला तर त्याला गाव विचारावं, प्यायला पाणी द्यावं. संशय फारच वाटला, तर पोलिसांना फोन करावा आणि ते येईपर्यंत हात आवरून थांबावं. शेवटचं पान तेवढ्या वेळात येतं.