युग्मनृत्यातील संपर्क

युग्मनृत्यात दोन नर्तकांमध्ये स्पर्श, ताण आणि तोल यांच्याद्वारे जो निःशब्द संवाद चालतो, त्यास संपर्क असे म्हणतात. पाश्चात्त्य बॉलरूम नृत्यात या संपर्कातून एक जोडीदार (नेता) पुढील पदन्यास सुचवतो आणि दुसरा (अनुयायी) तो ओळखून पूर्ण करतो. महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत अशाच संपर्कावर उभा असलेला प्रकार म्हणजे फुगडी होय; मात्र तीत नेता व अनुयायी हा भेद नसतो.

बॉलरूम नृत्यातील संपर्क

वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आदी नृत्यांत जोडीदार समोरासमोर उभे राहतात. नेत्याचा उजवा हात अनुयायाच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, तर अनुयायाचा डावा हात नेत्याच्या उजव्या दंडावर असतो. उरलेले दोन हात एकमेकांत गुंफलेले असतात. या रचनेस ‘चौकट’ म्हणता येईल. सूचना हाताने ढकलून वा ओढून दिली जात नाही. नेता आपल्या शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेतो आणि ती हालचाल चौकटीतून अनुयायापर्यंत पोहोचते. चौकट ढिली असल्यास सूचना वाटेतच विरते. ताठर असल्यास तिचे धक्क्यात रूपांतर होते. अनुयायाने पाऊल आधीच ओळखून उचलणे हाही दोष मानला जातो.

फुगडी

नागपंचमी, मंगळागौर आणि गौरी-गणपतीच्या सणांत कोल्हापूर जिल्ह्यासह महाराष्ट्रभर स्त्रिया झिम्मा-फुगडी खेळतात. पंढरीच्या वारीत स्त्री-पुरुष वारकरीही फुगडी घालतात. संत एकनाथांच्या भारुडांत आणि संत तुकारामांच्या गाथेत फुगडीवर रचना आढळतात. नेहमीच्या फुगडीत दोघी उजव्या हाताने उजवा व डाव्या हाताने डावा हात धरतात, त्यामुळे हातांची कैची होते. पावले जवळ जुळवून त्या मागे रेलतात आणि गरगर फिरतात. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची फुगडी असे तिचे अनेक प्रकार आहेत.

तोलाचे स्वरूप

मागे रेललेली स्त्री एकटी उभी राहू शकत नाही. जोडीदारणीच्या ओढीमुळेच ती सावरलेली असते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोघींची परस्परांवरील ओढ समान व विरुद्ध दिशेने असते. ही ओढच दोघींना वर्तुळात फिरत ठेवते. दोघींच्या वजनांत फरक असल्यास फिरण्याचा मध्य जड व्यक्तीच्या जवळ येतो आणि हलकीला मोठे वर्तुळ कापावे लागते. म्हणून जड व्यक्तीने कमी रेलणे आवश्यक ठरते.

एकीची पकड सुटली तर दोघीही मागे पडतात. त्यामुळे घामेजलेले हात आधी पुसतात, हातातील टोचणाऱ्या बांगड्या सावरतात. थांबताना प्रथम पावलांची गती कमी करून मगच सरळ उभे राहतात. वेगात असतानाच एकमेकींजवळ आल्यास फिरण्याचा वेग उलट वाढतो.

साम्य व भेद

दोन्ही प्रकारांत हाताच्या बळापेक्षा शरीराचा भार आणि बेताचा ताण महत्त्वाचा असतो. बॉलरूम नृत्यात पुढचे पाऊल अनिश्चित असते, म्हणून ते सुचवणारा कोणीतरी लागतो. फुगडीत हालचाल ठरलेली असते. अनिश्चित असतो तो केवळ वेग. तो दोघींनी मिळून वाढवायचा असतो आणि एकीला पेलवेनासा झाला की दुसरीने हातांतील ताणावरून ते ओळखून थांबायचे असते.