प्रभागाची रेघ

गेल्या वर्षी ऑगस्टअखेर पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात प्रारूप प्रभाग रचनेचे नकाशे लावले होते. एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून, नकाशाला नाक लावून आपली गल्ली शोधत होते. सापडली तेव्हा त्यांचं बोट एका जाड रेघेवर थांबलं. त्यांच्या घरासमोरचा रस्ताच प्रभागाची हद्द झाला होता. ते टेबलामागच्या कर्मचाऱ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे रस्त्यापलीकडचा दवाखाना आणि भाजी मंडई आता आमच्याकडे नाही? तिथलं गटार तुंबलं तर मी कोणाला गाठायचं?"

आजोबांनी एका वाक्यात सगळा विषय सांगितला. प्रभागाची हद्द म्हणजे जाब कोणाला विचारायचा, याची हद्द. मतदानाच्या दिवशी आपण उमेदवार निवडतो, पण आपल्यासोबत कोण मत देणार आणि आपला प्रश्न कोणाच्या पदरात पडणार, हे त्याआधी कित्येक महिने एका नकाशावर ठरून गेलेलं असतं. त्या नकाशाकडे आपण फारसं पाहत नाही. पाहायला हवं, म्हणून हा लेख.

आकडा कुठून येतो?

१ जून १९९३ रोजी लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला घटनेत जागा दिली. दर पाच वर्षांनी निवडणूक, प्रभागांतून थेट निवडलेले सदस्य आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, हा त्या दुरुस्तीचा गाभा. कोणत्या शहराला किती नगरसेवक हे मात्र राज्याच्या कायद्यावर सोडलं आहे.

मुंबई सोडून राज्यातल्या बाकी महापालिका १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली येतात. त्यातला हिशेब कोणालाही करता येईल इतका सरळ आहे. तीन ते सहा लाख लोकसंख्येच्या शहराला किमान ६५ नगरसेवक. तीन लाखांच्या वर दर १५ हजार लोकांमागे एक वाढतो, पण ८५ च्या पुढे जात नाही. शहर मोठं होत जातं तशी ही पायरीही मोठी होते. ३० लाखांच्या वरच्या शहराला किमान १६१ नगरसेवक, पुढे दर एक लाखाला एक आणि कमाल १७५.

पुण्याचं गणित करून पाहू. २०११ च्या जनगणनेत जुन्या हद्दीतली लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. तीस लाखांच्या वर एक पूर्ण लाख, म्हणून २०१७ मध्ये १६१ अधिक १, म्हणजे १६२ जागा झाल्या. त्यानंतर आसपासची गावं हद्दीत आली आणि त्याच जनगणनेनुसार बेरीज सुमारे ३४ लाख ८१ हजारांवर गेली. वरचे पूर्ण लाख चार झाले आणि जागा १६५.

या पायऱ्यांचा परिणाम प्रतिनिधित्वावर होतो. तीन लाखांच्या शहरात एका नगरसेवकामागे साडेचार हजारांच्या आसपास माणसं येतात. पुण्यात हाच आकडा २१ हजारांवर जातो, तर मुंबईत जवळजवळ ५५ हजारांवर.

मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तिथे जागांची संख्या कायद्यातच लिहिलेली असते. १८७२ च्या कायद्याने घडलेल्या पहिल्या महापालिकेत ६४ सदस्य होते आणि त्यांतले निम्मेच करदात्यांनी निवडलेले. पुढे ही संख्या १९८२ मध्ये १७०, १९९१ मध्ये २२१ आणि २००२ मध्ये २२७ झाली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या सरकारने ती २३६ करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये २२७ वरच शिक्कामोर्तब झालं. जागा नऊच होत्या. पण एक जागा वाढली तरी शेजारच्या प्रभागांच्या रेघा सरकतात, आणि नऊ वाढल्या किंवा घटल्या की सगळ्या शहराचा नकाशा पुन्हा मांडावा लागतो.

रेघ कशी ओढतात?

जनगणनेच्या वेळी शहर लहान लहान प्रगणक गटांत वाटलेलं असतं. प्रभाग रचना करणारे हे गट एकाला एक जोडत जातात. एकूण लोकसंख्येला एकूण जागांनी भागायचं, प्रभागातल्या सदस्यसंख्येने गुणायचं, की प्रभागाची सरासरी लोकसंख्या मिळते. त्यापेक्षा दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त चालते. पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ८४ हजारांच्या आसपास आली, म्हणजे प्रभाग साधारण ७६ हजारांपासून ९३ हजारांपर्यंत असू शकत होता.

सुरुवात शहराच्या उत्तरेकडून करायची, ईशान्येकडे जायचं, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला करायचा, असा आयोगाचा दंडक आहे. प्रभागांना क्रमांकही त्याच ओघात मिळतात. सीमा शक्यतो ठळक हव्यात: मोठे रस्ते, नदी, नाले, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल. प्रभाग सलग हवा. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडायच्या नाहीत. प्रत्येक प्रभागाच्या परिशिष्टात एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातींची, जमातींची, मग 'व्याप्ती' आणि उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही सीमांचं वर्णन असतं. कोणत्या नाल्यापासून निघून कोणत्या चौकापर्यंत, तिथून कोणत्या भिंतीने कोणत्या पुलापर्यंत, असं ते वर्णन चालत जातं. ते वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण आपल्या पाच वर्षांचा करारनामा त्यातच लिहिलेला असतो.

नियम चांगले आहेत. तरीही दहा टक्क्यांच्या सवलतीत आणि 'शक्यतो' या शब्दात बरीच जागा उरते. एक वस्ती नाल्याच्या अलीकडे घेतली की एका आरक्षणाचं गणित बदलतं, कारण अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण ज्या प्रभागांत जास्त, तिथे उतरत्या क्रमाने जातात. महिलांच्या निम्म्या जागा आणि इतर मागासवर्गाच्या जागा त्यानंतर सोडतीने ठरतात. रेघ आधी आणि चिठ्ठी नंतर असा हा क्रम आहे.

एकाच्या जागी चार

मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक. बाकी महापालिकांत मात्र पद्धत जवळजवळ दर निवडणुकीला बदलली. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. पुढच्या निवडणुकीसाठी तीन सदस्यांचा निर्णय झाला, रचना झाली, हरकती झाल्या, आणि मग पुन्हा चार सदस्यांवर गाडी आली.

मोठ्या प्रभागाच्या बाजूने खरे मुद्दे आहेत. चारांपैकी दोन जागा महिलांच्या असल्याने प्रत्येक मतदाराला कायम महिला प्रतिनिधी मिळतात. आरक्षण फिरलं म्हणून एखाद्या कामसू नगरसेवकाला पूर्ण प्रभागच सोडावा लागेल असंही नाही. पण घरासमोरचं चेंबर उसळलं की या पद्धतीची दुसरी बाजू दिसते. आमच्या गल्लीत ते उसळलं तेव्हा मी 'अ' जागेच्या नगरसेवकांना फोन केला, त्यांनी 'क' कडे पाठवलं. 'क' म्हणाले, तो भाग आपसात 'ड' कडे दिलाय. तीन आठवड्यांनी काम झालं, आणि शेवटी चौघांच्या नावांचा एक फलक लागला. ८४ हजार माणसांमागे चार प्रतिनिधी असताना जबाबदारीचे चार तुकडे होतात, आणि तुकड्यांवर बोट ठेवता येत नाही. मुंबईचा मतदार ५५ हजारांच्या गर्दीत उभा असतो, पण त्याला कोणाचं दार वाजवायचं हे ठाऊक असतं.

गावं हद्दीत येतात तेव्हा हे आणखी टोचतं. साडेसात हजारांहून जास्त वस्तीच्या ग्रामपंचायतीत १७ सदस्य असतात. असं गाव महापालिकेत गेलं की ते एका मोठ्या प्रभागाचा कोपरा होतं. पाण्याचा टँकर मागायला काल शेजारच्या आळीतला सदस्य होता, आज चौघांपैकी एकही त्या गावचा असेलच असं नाही.

कागदावर समान, रस्त्यावर असमान

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे जानेवारी २०२६ मध्ये ज्या प्रभागांत मतदान झालं, ते २०११ च्या लोकसंख्येवर आखलेले होते. त्या पंधरा वर्षांत बाणेर, बालेवाडी, खराडीत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पुणे महापालिकेच्या मतदार यादीत साडेपस्तीस लाख नावं होती, आणि प्रभाग ज्या लोकसंख्येवर आखले ती ३४ लाख ८१ हजार. म्हणजे मुलंबाळं धरून मोजलेल्या माणसांपेक्षा मतदारच जास्त! बाणेर-पाषाणच्या प्रभागात मतदारांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेला, तर शहरातल्या काही जुन्या वस्त्यांच्या प्रभागांत तो त्याच्या निम्म्याहूनही कमी राहिला. एका मताची किंमत सगळीकडे सारखी असावी यासाठी दहा टक्क्यांची मर्यादा घातली, आणि मोजपट्टीच जुनी असल्याने ती किंमत दुपटीने खालीवर झाली.

चार वर्षांचं रिकामं सभागृह

मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, त्यात सदस्यसंख्या आणि प्रभागांचे निर्णय फिरत राहिले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली, आणि १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. दर पाच वर्षांनी निवडणूक हे घटनेचं वचन आहे. ते मोडलं गेलं आणि जवळजवळ चार वर्षं कोट्यवधी शहरवासीयांना एकही नगरसेवक नव्हता. अंदाजपत्रकं मंजूर होत राहिली, पण सभागृहात उठून त्यावर प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

रेघ कोणी ओढावी?

मार्च २०२२ पर्यंत आपल्याकडे प्रभाग रचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे होतं. त्या महिन्यात विधिमंडळाने कायदा बदलून ते अधिकार राज्य शासनाकडे घेतले. गेल्या वर्षी महापालिका आयुक्तांनी प्रारूप केलं, ते नगरविकास विभागामार्फत पुढे गेलं आणि अंतिम मान्यता आयोगाने दिली. केरळमध्ये हे काम राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग करतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांना निवडणूक जिंकायची आहे, त्यांच्या हाती, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, प्रभागाची पेन्सिल नसावी. सदस्यसंख्या आणि प्रभागाचा आकार एका जनगणनेपासून दुसऱ्या जनगणनेपर्यंत गोठवावा. त्यात बदल करायचाच असेल तर तो पुढच्या निवडणुकीला नव्हे, त्यानंतरच्या निवडणुकीला लागू व्हावा.

पुढची जनगणना २०२७ मध्ये होते आहे. तिचे आकडे आले की शहरांचे नकाशे पुन्हा आखले जातील. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींसाठी जेमतेम दोन आठवडे मिळतात. अंतिम रचनेनंतर न्यायालयंही सहसा हात घालत नाहीत, म्हणून हीच खरी वेळ. पुण्यात गेल्या वर्षी पाच हजारांहून जास्त हरकती आल्या. जवळजवळ पस्तीस लाखांच्या शहरात ही संख्या फार नाही. तुम्ही तुमच्या प्रभागाचं परिशिष्ट घ्या. आपली वस्ती फुटली का, सीमा चालत जाऊन दिसते का, लोकसंख्या दहा टक्क्यांत बसते का, शाळा-दवाखाना आणि घर एका बाजूला आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तर खटकलं तर साध्या कागदावर कारणासह लिहा, पोच घ्या आणि सुनावणीला जा. त्या आजोबांनी त्याच दिवशी तिथल्या बाकावर बसून आपली हरकत लिहिली होती. पुढच्या वेळी त्यांच्या शेजारी तुम्ही बसा.