प्लास्टिकची हुमणी

वारणाकाठच्या आमच्या गावात ‘हुमणी लागली’ असं कुणी म्हटलं की पारावरच्या गप्पा थांबतात. पांढरी, गुबगुबीत, कोयतीसारखी वळलेली ही अळी जमिनीखाली बसून उसाच्या मुळ्या खाते. वर ऊस पिवळा पडत जातो आणि एक दिवस नुसत्या हाताने उपसून येतो. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी बाभळीवर नि कडुनिंबावर तिचे भुंगेरे जमतात. लहानपणी आम्ही पोरं फांद्या हलवून ते खाली पाडायचो आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचो. सांगायचा मुद्दा असा, की हुमणीबद्दल आमच्या घराण्यात कुणालाही प्रेम नाही. आणि अशी डझनभर हुमणी पिशवीत घालून एका भल्या गृहस्थाने मला भेट दिली, तीही हसतमुखाने, अमेरिकेत!

२०२३ च्या मे महिन्यात मी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरी चिरंजीवांकडे गेलो होतो. सौ. गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष. ‘बाबा, सहा महिने इकडे या’ म्हणून मुलाने तिकीटच पाठवलं. मुलगा-सून दिवसभर कामावर. नातू अकरा वर्षांचा. त्याचं मराठी ‘आजोबा, जेवलात का?’ इथपर्यंत, आणि माझं इंग्रजी त्याला कळायला थोडं जुनं. दोघांच्या मध्ये बोलायला विषय असा नव्हताच.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ एकटेच राहत. आयुष्य टायरच्या कारखान्यात गेलेलं, म्हणून नातवाने त्यांचं नाव ‘टायरवाले आजोबा’ ठेवलं होतं. मी लहानपणी नदीवर गळ टाकून मरळ धरायचो, हे नातवानेच त्यांना सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी आले आणि ती पिशवी माझ्या हातात ठेवली. आत धुरकट रंगाच्या, बोटभर लांबीच्या, मऊ लिबलिबीत प्लास्टिकच्या अळ्या. अंगावर वळ्या आणि मागे विळ्यासारखी वळलेली पातळ शेपटी. नाव विचारलं तर म्हणाले, ‘ग्रब’. इंग्रजीत हुमणीला म्हणतात तेच.

हा ग्रब म्हणजे बास मासा पकडायचं खोटं आमिष. बास म्हणजे आपल्या खाडीतला जिताडा नव्हे. हा गोड्या पाण्यातला, उत्तर अमेरिकेतला. त्याचे दोन प्रकार जास्त प्रसिद्ध, मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा. मोठ्या तोंडाचा स्वभावाने आपल्या मरळीचाच भाऊ. शेवाळात, बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही वळवळत गेलं की झडप घालायची. नर घरट्यावर पहारा करतो, अंडी आणि पिल्लं सांभाळतो. अमेरिकन माणसाला या माशाचं वेड किती? जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २ जून १९३२ रोजी २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, म्हणजे दहा किलोंहून जास्त. दिवस मंदीचे, घरच्यांनी तो खाऊन टाकला! पण त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, तीही जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांच्या हातून.

माझ्या लहानपणी आमिष म्हणजे गांडूळ, फार तर कणकेची गोळी. अमेरिकेतही पूर्वी गांडूळच चाले, किंवा लाकडाचे रंगवलेले मासे. मऊ प्लास्टिकचं आमिष आलं ते या अ‍ॅक्रन गावातूनच, आणि तेही एका स्वयंपाकघरातून. निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी १९४९ च्या सुमारास घरच्या शेगडीवर व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून साच्यात ओतलं आणि खऱ्या गांडुळासारखं गांडूळ काढलं. १९५१ पासून ते पोस्टाने विकू लागले. पुढे टेक्सासमधल्या टायलर गावी त्यांचा कारखाना झाला. हे अ‍ॅक्रनलाच घडावं यात मला फारसं नवल वाटत नाही. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या टायरच्या कंपन्या इथल्याच. कडक पीव्हीसी मऊ आणि लवचिक कसं करावं, हे गुडरिचच्या वाल्डो सीमन यांनी १९२६ साली याच गावात शोधलं होतं. पावसाचा रेनकोट आणि माशाचं गांडूळ ही एकाच घरातली भावंडं म्हणायची. इथले टायरचे कारखाने पुढे एकामागून एक बंद पडले. राहिल्या त्या विटांच्या उंच चिमण्या आणि टायरवाल्या आजोबांसारखी माणसं.

ग्रब गांडुळापेक्षा आखूड आणि जाडजूड. आधीच्या ग्रबना साधी, चपटी शेपटी असे. १९७० च्या दशकात लुइझियानातल्या मिस्टर ट्विस्टर कंपनीने वळलेल्या शेपटीची आमिषं बाजारात आणली, आणि तिथून या शेपटीचं राज्य सुरू झालं. पुढे गॅरी यामामोटो यांनी प्लास्टिकमध्ये मीठ घातलं. खारट चवीमुळे मासा आमिष लगेच थुंकत नाही, असं गळवाले सांगतात. मिठामुळे ते जडही होतं, एवढं मात्र नक्की.

पहिल्या रविवारी आम्ही तिघे पोर्टेज लेक्सवर गेलो. गावाच्या दक्षिणेला असलेली ही तळी, जुन्या ओहायो-ईरी कालव्याला पाणी पुरावं म्हणून बांध घालून वाढवलेली. मोठ्यांना परवाना लागतो, तो मुलाने काढून दिला होता. सोळा वर्षांखालच्यांना लागत नाही, यावर नातू खूश. टायरवाल्या आजोबांनी डबी उघडली, गळ बाहेर काढला आणि तेव्हा मला दिसलं, की त्यांचे हात थरथरतात. कंपवात. ग्रब गळावर ओवायचा प्रयत्न त्यांनी तीनदा केला, तिन्ही वेळा वाकडा बसला. नजर चुकवून त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. माझा चष्मा घरी. मग नातवाने ग्रब घेतला.

ओवणं दिसायला सोपं आहे. गळाच्या दांडीला पुढे शिशाची वाटाण्याएवढी गोळी असते, तिला जिग म्हणतात. वजन साडेतीन ग्रॅम, फार तर सात. ग्रबच्या नाकाच्या बरोबर मध्यात टोक खुपसायचं, अंगातून सरळ न्यायचं आणि पाठीवर योग्य जागी बाहेर काढायचं. किती लांबीवर काढायचं, ते आधी गळ ग्रबच्या शेजारी धरून मापून घ्यायचं. जरा जरी वाकडा बसला तर ग्रब पाण्यात भिंगरीसारखा फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि मासा पाठ फिरवतो. शेपटीचा बाक वरच्या बाजूला असावा की खालच्या, यावर मात्र एकमत नाही. तळ्याकाठच्या दोन म्हाताऱ्यांचं यावरून आमच्या देखत वाजलं, लग्नात व्याह्यांचं मानपानावरून वाजावं तसं.

नातवाने ग्रब सुईत दोरा ओवावा तसा सरळ बसवला. त्या दिवसापासून ते काम त्याचं.

‘आता काय करायचं?’ त्याने विचारलं.

‘काही नाही,’ आजोबा म्हणाले. ‘टाकायचा, बुडू द्यायचा, आणि हळू रीळ फिरवत राहायचं.’

हे ‘काही नाही’ मला समजायला आठवडे लागले. इतर बऱ्याच आमिषांना कसब लागतं. काडीला हिसका द्यावा लागतो, थांबावं लागतं, पुन्हा हिसका. लाकडी मासा जिवंत वाटतो तो धरणाऱ्याच्या मनगटामुळे. ग्रबची शेपटी मात्र इतकी पातळ असते, की पाणी अंगावरून सरकलं की ती आपोआप लहरते. बासच्या अंगावर दोन्ही बाजूंनी रेघेसारखं एक इंद्रिय असतं, त्याला पाण्यातली बारीक थरथर कळते. गढूळ पाण्यात दिसत नसतानाही त्याला शेपटीची चाहूल लागते. माणसाने फक्त वेग सांभाळायचा. जोरात ओढलं तर ग्रब वर येतो, फारच हळू ओढलं तर तळाच्या गवतात अडकतो. टायरवाले आजोबा काडीची मूठ पोटाशी आवळून धरत आणि कोपरापासून रीळ फिरवत. हाताची थरथर दोरीत उतरली तरी बिघडत नसे.

मासा लागला की टिचकी मारल्यासारखं जाणवतं. इथेच मी चुकत होतो. आमच्या नदीवरची सवय अशी, की दोरी हलली की हिसका द्यायचा. ग्रबला पहिली टिचकी बहुधा शेपटीवर बसते. त्या वेळी हिसका दिला तर हातात अर्धा ग्रब येतो. काही न करता फिरवत राहिलं तर मासा पुन्हा येतो, आणि या वेळी गळासकट. माझे चार ग्रब शेपटीविना परत आले तेव्हा नातू हसून लोळला. आमचं खरं बोलणं सुरू झालं ते त्या दिवशी. त्याने ‘हिसका’ हा शब्द शिकून घेतला आणि तो मला उठसूट ऐकवू लागला.

एक उद्योग मी घरीही करून ठेवला. सगळे रंग एकत्र करून सूनबाईंच्या एका पारदर्शक डब्यात भरून ठेवले. आठवड्याने पाहतो तर डब्याचा तळ चिकट होऊन विरघळलेला आणि पिवळ्या ग्रबना काळे डाग. प्लास्टिक मऊ करणारं जे तेल ग्रबमध्ये असतं, ते काही कडक प्लास्टिकला खातं, हे मला नंतर कळलं. सूनबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तळ्यावर तरुण मंडळी येत, त्यांच्या होड्या बघून माझे डोळे फिरत. पुढे पोहणारा मासा पडद्यावर जिवंत दाखवणारी सोनार यंत्रं. मोठ्या स्पर्धांनीसुद्धा आता त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. या लोकांच्या पेट्यांत खेकड्यासारखी, बेडकासारखी, सरड्यासारखी आमिषं, आणि साधा ग्रब बहुधा तळाशी विसरलेला. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. घनदाट शेवाळात उघड्या गळाचा ग्रब कामाचा नाही, लगेच अडकतो, आणि फार मोठा मासा हवा तर मोठंच आमिष लागतं. पण खडकाळ काठावर, स्वच्छ पाण्यात, धुरकट रंगाचा तीन इंची ग्रब घेऊन बसलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने उठत नाही, हे मी सहा महिने पाहिलं.

दोष या आमिषाचाही आहे. ते कुजत नाही. तुटलेले तुकडे तळाशी पडून राहतात, मासे ते गिळतात. शिशाची गोळी त्याहून वाईट. लून नावाचा पाणपक्षी ती गिळून मरतो, म्हणून न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यांत लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. टायरवाले आजोबा प्रत्येक फाटका ग्रब कॉफीच्या जुन्या डब्यात टाकत. इतरांचे काठावर पडलेलेही वाकून उचलत, आणि वाकणं त्यांना सोपं नव्हतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस, मी परतायच्या आधीच्या रविवारी, पाणी गार झालं होतं आणि काठाला पानांचा खच पडला होता. दुपारपर्यंत काहीच नाही. मग आजोबांची काडी वाकली. ते थांबले नाहीत, हिसका दिला नाही, फिरवतच राहिले. दीडेक किलोचा, लहान तोंडाचा, काशाच्या भांड्याच्या रंगाचा बास. नातवाने त्याला खालच्या ओठाला धरून उचललं. दात कानशीसारखे बारीक असतात, बोटाला फक्त खरखर लागते. गळ काढला, मासा दोन्ही हातांत पाण्याखाली धरला आणि तो शेपूट मारून निघून जाईपर्यंत धरून ठेवला. आजोबा बघत होते. मग त्यांनी शेपटी तुटलेला ग्रब कॉफीच्या डब्यात टाकला आणि दुसरा ओवायला नातवाकडे दिला.

पुढे डिसेंबरात नातवाचा फोन आला. तळं गोठलंय म्हणाला. टायरवाल्या आजोबांच्या पेटीत पडून पडून ग्रबच्या शेपट्या वाकड्या झाल्या होत्या, त्या त्याने गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या होत्या. बारा नग. आणि आईला विचारून, या खेपेला काचेच्या बरणीत ठेवले होते.