दगड घरी येईपर्यंत

ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये दोन स्क्रूंपुढे सगळं काम अडलं. बेनू या लघुग्रहावरची माती घेऊन ओसायरिस-रेक्स यानाची कुपी २४ सप्टेंबरला युटाच्या वाळवंटात अलगद उतरली होती. सात वर्षांच्या प्रवासात उरलेलं काम फक्त झाकण उघडण्याचं. झाकणाला ३५ स्क्रू. त्यांतले ३३ निघाले, दोन निघेनात. एरवी अशा वेळी कुणीही मोठा पाना आणून जोर लावला असता. इथे ते शक्य नव्हतं. नमुन्याचा डबा नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत होता, हात घालायचा तो पेटीला जोडलेल्या जाड हातमोज्यांतून, आणि आत जाईल ते प्रत्येक हत्यार आधी मंजूर झालेल्या धातूचंच हवं. चुकीच्या धातूचा एक कीस मातीत पडला, तर पुढे कुणाला तरी तो धातू बेनूवर सापडल्याचा भास होणार. शेवटी शस्त्रक्रियेच्या उपकरणांत वापरतात त्या जातीच्या पोलादाचं नवं हत्यार तयार झालं, बाहेर त्याचा सराव झाला आणि जानेवारी २०२४मध्ये ते दोन स्क्रू निघाले. एकूण माती भरली १२१.६ ग्रॅम. ठरवलं होतं त्याच्या दुप्पट.

पृथ्वीबाहेरून नमुने आणण्याच्या मोहिमांचा इतिहास बघितला की अशा झाकणांशी, कळींशी आणि दोऱ्यांशी पुन्हा पुन्हा गाठ पडते. रॉकेट उडतं, यान कोट्यवधी किलोमीटर जाऊन नेमक्या जागी पोचतं, आणि जीव अडकतो तो एखाद्या लहानशा भागात. पुढच्या दहा वर्षांत चीन, जपान, अमेरिका आणि भारत अशा मोहिमांचे बेत आखत आहेत. त्यांतले कोणते फळाला येतील हे मला रॉकेटच्या ताकदीपेक्षा या बारीक गोष्टींवर आणि माती घरी आल्यानंतरच्या व्यवस्थेवर अवलंबून दिसतं.

मुळात एवढा खटाटोप कशासाठी? यानावरच प्रयोगशाळा पाठवली तर? पाठवतातच, पण यानावरचं उपकरण वजनात आणि विजेत बसवावं लागतं आणि उड्डाणाच्या कित्येक वर्षं आधी त्याचा आराखडा गोठतो. खडकाचं वय काढायला जे किचकट रासायनिक काम लागतं, कणाच्या आरपार बघायला जो इमारतीएवढा क्ष-किरणांचा स्रोत लागतो, ते मंगळावर नेता येत नाही. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. घरी आलेल्या दगडाला नंतर जन्मलेली माणसंही प्रश्न विचारू शकतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ या काळात ३८२ किलो दगडमाती आणली आणि चंद्र कोरडा ठणठणीत आहे असा निष्कर्ष निघाला. २००८ साली अल्बर्टो साल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलो १५ आणि १७च्या नमुन्यांतले ज्वालामुखीच्या काचेचे बारीक मणी नव्या, कितीतरी संवेदनशील तंत्राने तपासले आणि त्यांत पाण्याचा अंश सापडला. अपोलो १७ची एक नळी तर मुद्दाम बंद ठेवली होती. ती मार्च २०२२मध्ये उघडली, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी.

या मातीचे काही कण मुंबईतही आले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोच्या नमुन्यांवर काम केलं. अवकाशातून येणारी लोहासारखी जड अणुकेंद्रं खनिजाच्या स्फटिकात घुसताना मागे सूक्ष्म जखम ठेवतात. स्फटिक योग्य रसायनात बुडवला की त्या जखमा कोरल्या जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली रेघांसारख्या दिसतात. त्या मोजल्या की तो कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता आणि लाखो वर्षांपूर्वीचे वैश्विक किरण कसे होते, याचा अंदाज बांधता येतो. याच गटातले वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिथे रुजलं. म्हणजे स्वतःचं यान पाठवायच्या कितीतरी आधी चंद्राची माती हाताळायचं शास्त्र आपल्याकडे पोचलं होतं.

उल्का फुकट येऊन पडतात, मग त्यांच्यावर का भागत नाही? भागतं, पण एका मर्यादेपर्यंतच. उल्का नेमकी कुठून आली हे बहुधा कळत नाही, वातावरणातून येताना ठिसूळ भाग गळून जातो, आणि जमिनीला टेकल्या क्षणापासून पृथ्वीची ओल आणि जिवाणू तिच्यात शिरू लागतात. अंटार्क्टिकावर १९८४ साली सापडलेल्या मंगळाच्या एका दगडात जीवाश्म असल्याचा दावा १९९६मध्ये झाला आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. तोच दगड मंगळावरच्या ठाऊक असलेल्या थरातून स्वच्छ कुपीत आला असता, तर वादातले निम्मे मुद्दे उठलेच नसते.

जपानच्या हायाबुसाची हकीकत तर प्रत्येक अभियंत्याने वाचावी अशी आहे. २००३मध्ये निघालेलं हे यान २००५मध्ये इटोकावा या लघुग्रहापाशी पोचलं. यानाची दिशा सांभाळणाऱ्या तीन चाकांपैकी दोन बंद पडली. पृष्ठभागावर गोळी झाडून उडालेले कण टिपायचे होते. गोळी सुटलीच नाही. इंधन गळलं, यान भरकटलं, कित्येक आठवडे संपर्क तुटला. २००७चं परतणं २०१०वर गेलं. वाटेत आयन इंजिनं एकेक करून दगावली, तेव्हा जुनिचिरो कावागुची यांच्या गटाने एका इंजिनाचा चालू भाग दुसऱ्याच्या चालू भागाशी जोडून दोन निकामी इंजिनांतून एक कामाचं इंजिन उभं केलं. ही जोडणी शक्य झाली, कारण कुणीतरी उड्डाणाआधीच त्यासाठी विजेची एक जादा वाट ठेवली होती. १३ जून २०१० रोजी यान ऑस्ट्रेलियाच्या आकाशात जळून गेलं, पण कुपी उतरली आणि तिच्यात इटोकावाचे दीड हजारांहून अधिक कण निघाले. या अनुभवावर उभ्या राहिलेल्या हायाबुसा २ने डिसेंबर २०२०मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती आणली.

सौरवाऱ्याचे कण गोळा करून आलेल्या जेनेसिस मोहिमेचं याच्या उलट झालं. ८ सप्टेंबर २००४ रोजी तिची कुपी पॅराशूट न उघडताच युटाच्या जमिनीवर आदळली. वेग कमी होतोय हे ओळखणारी बोटाच्या पेराहून लहान कळ आराखड्यातच उलटी बसवलेली होती. कण टिपणाऱ्या चकत्यांचे फुटके तुकडे वेचून शास्त्रज्ञांनी पुष्कळसं विज्ञान वाचवलं.

आता मंगळ. नियोजनाचं सगळ्यात वेदनादायक प्रकरण हेच आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी २०२१मध्ये जेझेरो विवरात उतरला. त्याच्याकडे टायटॅनियमच्या ४३ नळ्या आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये पहिला खडक कोरला, नळी बंद केली, आणि बघतात तर नळी रिकामी. खडक इतका भुसभुशीत होता की त्याचं पीठ होऊन गेलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या खडकातून नमुने मिळाले. २०२२ सरताना आणि २०२३ उजाडताना दहा नळ्या एका सपाट जागी ठेवून दिल्या, रोव्हर बंद पडला तरी काहीतरी हाती लागावं म्हणून. जुलै २०२४मध्ये एका कोरड्या नदीपात्रात चेयावा फॉल्स नावाचा खडक भेटला. त्याच्यावर बिबट्याच्या कातडीवर असतात तसे ठिपके, मध्ये फिकट आणि कडेला गडद. सप्टेंबर २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या लेखानुसार या ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असावं. पृथ्वीवर चिखलात अशी जोडी बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होते. जिवाशिवायही होऊ शकते. यातलं खरं काय ते मंगळावर बसून ठरवता येणार नाही, आणि त्या खडकाचा नमुना एका नळीत बंद होऊन रोव्हरच्या पोटात आहे.

तो आणायचा कसा? चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग लागतो, मंगळावरून पाच. मंगळावरून रॉकेट आजवर कुणी उडवलेलं नाही. ते रॉकेट आधी पृथ्वीवरून न्यायचं, उतरवायचं, थंडीत महिनोन्‌महिने सांभाळायचं आणि माणसाच्या मदतीशिवाय उडवायचं. मग कक्षेत फिरणारा नमुन्यांचा चेंडू युरोपच्या यानाने पकडायचा आणि पृथ्वीकडे निघायचं. मूळ आराखड्यातली शेवटची कुपी पॅराशूटशिवाय जमिनीवर आदळणार होती. पॅराशूट ठेवलं तर ते न उघडण्याचा धोका आला. त्यापेक्षा आपटी सोसणारीच कुपी बनवणं बरं. ज्या कुपीत मंगळाचा जीव असण्याची शक्यता, मग ती कितीही पुसट असो, गृहीत धरायची, तिच्याबाबत मला हा विचार पटतो.

सप्टेंबर २०२३मध्ये स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाने या मोहिमेचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरवर जाईल असं सांगितलं. एप्रिल २०२४मध्ये नासाचे तेव्हाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी ११ अब्ज हा आकडा जास्त आणि २०४० ही परतीची तारीख फार उशिराची असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२५मध्ये दोन स्वस्त पर्याय पुढे आले. मे महिन्यात नव्या सरकारच्या अंदाजपत्रकात मोहीम रद्दच करण्याचा प्रस्ताव आला. नमुने गोळा करायचं काम २०२१मध्ये सुरू झालं, तरी ते आणायच्या वाहनाचा पत्ता नाही. जाण्याची तयारी एका हाताने आणि परतीची दुसऱ्या हाताने, तीही निराळ्या वेळी आणि निराळ्या पैशांनी करायची, या मूळ निर्णयातच दोष होता असं मला वाटतं.

चीनने वाट सुटसुटीत ठेवली आहे. सोव्हिएत लूना २४ने १९७६मध्ये १७० ग्रॅम माती आणल्यावर चंद्रावरून ४४ वर्षं काहीच आलं नव्हतं. डिसेंबर २०२०मध्ये चांग-ई ५ने १,७३१ ग्रॅम आणि जून २०२४मध्ये चांग-ई ६ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून १,९३५.३ ग्रॅम माती आणली. त्या बाजूचा नमुना माणसाच्या हाती प्रथमच आला. तिआनवेन ३ मंगळाकडे २०२८च्या सुमारास निघून २०३१च्या आसपास किमान ५०० ग्रॅम आणेल असा बेत आहे. एकाच जागी उतरायचं आणि तिथूनच परतायचं. पण दोन मीटर खोल ड्रिल करायचं, कारण मंगळाचा वरचा थर किरणांनी भाजून निघालेला असतो आणि तिथे सेंद्रिय रेणू फारसे टिकत नाहीत. पर्सिव्हिअरन्सने वर्षानुवर्षं हिंडून खडक पारखले, तशी निवड यात नाही. तिआनवेन २ मे २०२५मध्ये कामोओआलेवा या चिमुकल्या लघुग्रहाकडे निघालं; तो चंद्राचाच उडालेला तुकडा असावा अशी शंका आहे. जपानची एमएमएक्स मोहीम मंगळाच्या फोबोस या चंद्रावरून दहा ग्रॅम माती २०३१पर्यंत आणू पाहते. मंगळावरच्या आघातांत उडालेली थोडी धूळ फोबोसवर साचली असेल, म्हणजे मंगळाचेही काही कण ओघाने मिळतील.

लघुग्रहावरून निघणं सोपं, पण त्याला स्पर्श करणं अवघड. बेनूवर २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्सचा हात टेकला, तर तांदळाच्या कोठीत हात घालावा तसा तो अर्धा मीटर आत गेला. झाकणाच्या पट्टीत खडे अडकून ती उघडीच राहिली आणि माती अवकाशात गळू लागली. नमुना तोलण्याचा ठरलेला कार्यक्रम रद्द करून गटाने तो घाईने कुपीत बंद केला. त्या मातीत पुढे अमोनिया, पृथ्वीवरच्या जीवांत असणाऱ्या वीसपैकी चौदा अमिनो आम्लं आणि खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार सापडले.

आपल्या चांद्रयान ४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी २,१०४.०६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. पाच भाग, दोन एलव्हीएम ३ रॉकेटं. एवढं वजन एका उड्डाणात जात नाही, म्हणून पृथ्वीच्या कक्षेत जोडणी. चंद्रावर उतरून रोबोटिक हाताने आणि ड्रिलने माती घ्यायची, वरचा भाग उडवायचा, चंद्राच्या कक्षेत पुन्हा जोडणी, आणि तिथून माती परतीच्या कुपीत. याची उजळणी इस्रोने आधीच चालवली आहे. ३ सप्टेंबर २०२३ रोजी चांद्रयान ३च्या विक्रम लँडरने इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली; चंद्रावरून उठण्याची इस्रोची ती पहिली चाचणी. चांद्रयान ३चा प्रोपल्शन मॉड्यूल उरलेल्या इंधनावर पृथ्वीच्या कक्षेत परत आणला. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेडेक्स मोहिमेची दोन याने कक्षेत जोडली गेली आणि असं करणारा भारत चौथा देश ठरला. राहिला परतीचा वेग. २००७मध्ये इस्रोने एक कुपी पृथ्वीच्या कक्षेतून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली होती. तेव्हा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास होता. चंद्राकडून येताना तो अकराच्या घरात जातो, आणि उष्णता वेगाच्या कितीतरी जास्त पटीने वाढते. उष्णतेची ती ढाल आपल्याला नव्याने सिद्ध करावी लागेल. मोहिमेतला मला सर्वांत नाजूक वाटणारा टप्पा तोच.

मंजुरीच्या निवेदनात नमुने जपण्याच्या आणि तपासण्याच्या सुविधा उभारण्याचाही उल्लेख आहे. बातम्यांत त्याला जागा मिळाली नाही, पण माझ्या मते महत्त्व त्यालाच आहे. र्‍युगूच्या मातीचं उदाहरण ताजं आहे. जपानने ती निर्जंतुक वातावरणात सांभाळली; तरी पुढे अभ्यासासाठी दिलेल्या एका कणावर पृथ्वीवरचेच सूक्ष्मजीव वाढलेले ब्रिटिश शास्त्रज्ञांना २०२४मध्ये आढळले. बेनूच्या मातीचा बहुतांश भाग नासाने पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवला आहे, आणि एका जागी आपत्ती आली तरी सगळं जाऊ नये म्हणून काही भाग दुसऱ्या राज्यात हलवला आहे. अपोलोची माती परदेशातला संशोधकही अर्ज करून मागू शकतो. प्रस्ताव तपासला जातो आणि काही मिलिग्रॅम माती नोंद करून उसनी दिली जाते. कुलाब्यात एकेकाळी चंद्राचे कण आले ते अशाच उदार वाटपातून.

आपल्याकडे दोन-तीन किलो चांद्रमाती येईल तेव्हा ती कोण बघणार? महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्टच्या कातळावर वसला आहे. त्याच कातळात उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांशी ताडून बघायला जगभरचे भूशास्त्रज्ञ येतात. इथल्या विद्यापीठांतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा दगड घरचा आहे. मात्र एक मिलिग्रॅम कण न मळवता उचलायचा, कापायचा, मोजायचा आणि उरलेला पुन्हा बंद करायचा, हे शिकायला वर्षं जातात आणि त्यासाठी धूळमुक्त खोल्या लागतात. चांद्रयान ४ २०२७-२८च्या सुमारास निघेल असं म्हणतात. नमुने मागण्याचे नियम, किती टक्के राखीव ठेवायचे याचा आकडा आणि दुसऱ्या शहरातलं सुरक्षित कपाट हे सगळं यान उडायच्या आधी कागदावर यायला हवं, आणि अर्ज करणाऱ्यांत छोट्या शहरांतली विद्यापीठंही असायला हवीत.