टिंबाली : सूर इंचात कमी, ताणात जास्त

महापे, प्रतिनिधी : महापे गावात आणि शेजारच्या घणसोली, कोपरखैरणे परिसरात आगरी-कोळी समाजाच्या हळदीला बेंजो पार्टीशिवाय रंग चढत नाही. अशा ताफ्यासाठी टिंबाली घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो इंचांचा. मोठे घेतले की आवाज मोठा, हा समज त्यामागे असतो.

तळ नसलेल्या धातूच्या दोन भांड्यांची ही जोडी मूळची क्युबाची. तेथील डान्सोन वादकांनी १९व्या शतकात वापरलेल्या तिंपानीचे हे हलके रूप. टिटो प्वेंते (१९२३-२०००) यांनी तिला वाद्यवृंदाच्या अग्रभागी आणले. १४ आणि १५ इंच व्यासाची जोडी सर्वाधिक प्रचलित आहे. १३ आणि १४ इंचांचीही मिळते.

गणित मात्र इंचांच्या बाजूने फारसे नाही. पान आणि ताण सारखाच ठेवला, तर १४ व १५ इंचांच्या सुरांत जेमतेम सा आणि कोमल रे एवढेच अंतर पडते. कानाला हवे असते सा ते मध्यम असे ठसठशीत अंतर. त्यासाठी लहान भांड्याचे पान मोठ्याच्या सुमारे दीडपट ताणावे लागते. जोडी खरी जमते ती चावीने.

म्हणूनच पान निवडताना चूक महागात पडते. दुहेरी थराचे जाड पान टिकते खरे, पण झंकार दाबून टाकते आणि काठावरचा फटका बोथट होतो. ड्रमसेटवर बसून जोरकस वाजवणाऱ्याला ते शोभते. टिंबालीला पाव मिलिमीटरच्या आसपासचे एकेरी पॉलिस्टर पानच हवे. आपला ताशाही याच न्यायाने बोलतो : पातळ पान, कडक ताण, बारीक काड्या. कातड्याचे पान पावसाळी हवेत सैल पडते आणि शेकावे लागते. पॉलिस्टरला दमटपणाची बाधा नसते, ही कोकणपट्टीत मोठीच सोय. काड्याही टोकाला बोंड नसलेल्या, सरळ आणि हलक्या घ्याव्यात.

नवे पान घेताना जुने पान दुकानात सोबत नेणे शहाणपणाचे, कारण त्याच इंचाचे प्रत्येक पान भांड्यावर नीट बसेलच असे नाही. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने ताण दिला, तर पान तिरके बसते आणि प्रत्येक स्क्रूजवळ वेगळाच सूर लागतो.